खोडाळ्याच्या लग्नात चॉकलेटचं टेबल कसं लावावं

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. नवशिका म्हणजे ज्याने मोबाइलवर कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ पाहिला, त्यातल्या उंच काचेच्या बरण्या, गुलाबी-पांढऱ्या गोळ्या, इवलेसे चिमटे आणि रिबीन बांधलेल्या कागदी पिशव्या पाहिल्या आणि घरात जाहीर करून टाकलं, की आपल्या दादाच्या लग्नात हे पाहिजेच. दादाचं लग्न मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याला आहे. वैशाखात. दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर. एवढं ऐकूनही तो डगमगला नाही, म्हणून हे लिहावं लागलं.

आधी हिशोब. माणशी शंभर ग्रॅम धरले तर पाचशे माणसांना पन्नास किलो माल लागतो. पन्नास किलो म्हणजे साखरेचं अख्खं पोतं. हा आकडा काकांच्या कानावर गेला की ते एकच प्रश्न विचारतील, ‘तेवढ्यात बुंदी किती झाली असती?’ त्याला उत्तर नाही. म्हणून माणसं मोजूच नका. शिवाय ती मोजता येत नाहीत. पाड्याला आमंत्रण दिलं की पाडा येतो, आणि वऱ्हाडाचा टेम्पो वाटेत ज्यांनी हात केला त्यांनाही घेऊन येतो.

पोरं मोजा. दर पोरामागे पाच नग. मोठी माणसं चॉकलेट खात नाहीत, ती फक्त ‘घरी बारकी आहेत’ म्हणून मूठभर खिशात टाकतात. तेव्हा घरच्या बारक्यांसाठी पुन्हा तेवढेच नग धरा. फुटाणे ठेवणार असाल तर त्यांचा अंदाज बांधण्याच्या भानगडीत पडू नका. फुटाण्यांचं ताट संध्याकाळी मांडवामागे जातं. का जातं, ते विचारायचं नसतं.

आता माल. पहिला नियम, चॉकलेट आणू नका. चॉकलेटच्या टेबलावर चॉकलेट नको, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण कोकोच्या लोण्याला वितळायला चौतीसेक अंश पुरतात आणि वैशाखात मांडवाच्या कापडाखाली तेवढे अंश नाश्त्याच्या वेळेलाच जमतात. वनस्पती तुपावर केलेली स्वस्तातली चॉकलेटं थोडी जास्त तग धरतात, पण मुहूर्तापर्यंत नाही. कोणी म्हणेल, फ्रीजमध्ये ठेवू. ज्या फ्रीजकडे तो बोट दाखवतोय, त्यात आधीच हार, दूध आणि श्रीखंड आहे आणि हळदीच्या रात्रीपासून डीजे त्याच मीटरवर चालला आहे. लाइट गेली की सगळ्यांचंच सारखं होतं.

उन्हाला टिकते ती उकळून केलेली कडक गोळी. साखरेचा पाक दीडशे अंशांच्या आसपास चढवला की त्यात पाणी नावापुरतं उरतं, म्हणून ती गोळी घामेजल्या मुठीतही दम धरते. लिमलेट, संत्रागोळी, पेपरमिंट, पान पसंद, हे सगळं याच कुळातलं. पान पसंद जिथलं, ते रावळगाव आपल्याच बाजूचं, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं. वालचंद हिराचंदांनी तिथे १९३३ मध्ये साखर कारखाना काढला, पुढे गोळ्या आल्या आणि २०२४ मध्ये त्या गोळ्यांची नावं आणि पाककृती रिलायन्सने २७ कोटींना घेतल्या. विलेपार्ल्याच्या पार्लेनेही १९२९ साली सुरुवात गोळ्यांपासूनच केली, बिस्किटं मागाहून. सांगायचा मुद्दा असा, की टेबलावर लिमलेट ठेवण्यात कमीपणा नाही. चांगल्या घराण्यातली आहे ती.

मात्र कागद काढलेली गोळी आणि वळवाचा पाऊस यांचं जमत नाही. साखर हवेतलं पाणी ओढते आणि संध्याकाळपर्यंत बरणीत तीनशे गोळ्यांची एकच गोळी होते. ती फोडायला मग नवरदेवाच्या मित्राला बोलवावं लागतं. गोळ्या कागदासकट ठेवा, नाहीतर पिठीसाखरेत घोळवा.

लॉलीपॉप आणायचे असतील तर काडी बघून घ्या. १ जुलै २०२२ पासून देशभर लॉलीपॉपच्या आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या बंद आहेत. सजावटीचा थर्माकोलही त्याच यादीत आहे. म्हणजे वधूवरांची नावं थर्माकोलमध्ये कापून टेबलामागे लावायची कल्पनाही गेली. यात खेद मानण्यासारखं काही नाही.

टेबलामागच्या पडद्याबद्दल दोन शब्द. हल्ली वारली चित्रांचं फ्लेक्स छापून मिळतं. त्यात तारपावाला असतो, त्याच्याभोवती गोल धरून नाचणारी माणसं असतात आणि कोपऱ्यात छापखान्याचा मोबाइल नंबर. लग्न वारल्यांच्या घरचं असेल तर आत भिंतीवर सवासिनींनी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिलेला असतो, त्यात पालघाट देवी बसलेली असते आणि तिच्यापुढे लग्न लावणारी धवलेरी गात असते. त्या घराच्या अंगणात हे फ्लेक्स टांगणाऱ्याची मला फार काळजी वाटते. मागे काही लावू नका. मांडवावर जांभळाचा पाला आहे, तेवढं पुरे. आणि टेबल चौकाच्या खोलीपासून लांब ठेवा. तिथे आधीच पाय ठेवायला जागा नसते.

बरण्या विकत आणू नका. नाशिकहून काचेच्या बरण्या आणल्या तर खोडाळ्यापर्यंतची वळणं त्यातल्या निम्म्या ठेवून घेतात. किराणा दुकानातून लाल झाकणाच्या बरण्या मागून आणा. दुकानदार लग्नाला येणारच असतो. आणल्यावर आधी नाक लावून बघा. ज्या बरणीत कधी काळी लोणचं होतं, ती कितीही घासली तरी लोणचं विसरत नाही. तिच्यात चिंचेच्या गोळ्या भरा. गूळ, मीठ, जिरं आणि चिंच अशा संगतीत लोणच्याचा वास खपून जातो. उलट लोक विचारतात, कुठून आणल्या.

मग मुंग्या. शहरातला सल्ला असा, की टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. वैशाखात मोखाडा तालुक्यात हा सल्ला मोठ्याने वाचू नका. ज्या पाड्यावर बायका टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लावतात, तिथे टेबलाच्या पायांना पाणी पाजणाऱ्याचं लग्नात काही खरं नाही. मध्य वैतरणेचं धरण इथल्याच डोंगरांत आहे, पण त्याचं पाणी मुंबईच्या टेबलांना जातं. तुम्ही टेम्पोच्या ड्रायव्हरकडून जळकं ऑईल मागा, फडकी भिजवा आणि टेबलाच्या पायांना गुंडाळा. दिसायला वाईट दिसतं, पण मुंगी वर चढत नाही. फडकी झाकायला वरून साडी सोडायची असेल तर ती जमिनीला टेकू देऊ नका, नाहीतर मुंग्यांसाठी तुम्ही स्वतःच्या हाताने जिना बांधलात.

टेबलावर आणखी काय? बॉबी ठेवा. पिवळ्या-तांबड्या नळ्या. त्या गोड नसल्या तरी चालतील, त्यांच्याशिवाय पोरांचं टेबल होत नाही. बॉबी हाती पडली की पोरगं ती लगेच खात नाही. आधी अंगठ्यात घालतं, मग तर्जनीत, मग एकेका बोटात, पाचही बोटं भरली की हात उन्हात धरून बघतं आणि करंगळीपासून खायला सुरुवात करतं. दुसरा हात मोकळा ठेवतं, कारण त्या हाताने पुन्हा मागायचं असतं.

गोडीशेव, रेवडी, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू हे खालच्या रांगेत, पोरांच्या हाताला येईल असं ठेवा. ज्या तालुक्याचं नाव वर्तमानपत्रात कुपोषणाच्या बातमीशिवाय फारसं येत नाही, तिथे नुसत्या साखरेचं प्रदर्शन मांडायचं मला जड जातं. दाण्याची चिक्की दिसायला गुलाबी नसते, पण निदान पोटात जाऊन काहीतरी करते.

आणि करवंदं. हा मोसम त्यांचाच. कसारा लोकलच्या डब्यात शहरातली माणसं पैसे मोजून द्रोणभर करवंदं घेतात. तुमच्याकडे ती मागच्या डोंगरावर फुकट आहेत. सकाळी चार पोरांना पाठवा, निम्मी करवंदं घरी पोचतील. पळसाच्या पानांचे द्रोण लावा आणि त्यांतच सगळा माल द्या, रिबिनीच्या पिशव्यांची गरज उरत नाही. एक खबरदारी. करवंदाचा डाग आणि नवरीच्या मैत्रिणींच्या पांढऱ्या ओढण्या यांत अंतर ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि व्हिडिओत हेच कधी दिसत नाही. टेबलामागे कोण उभं राहणार? व्हिडिओत कुणीच नसतं. पाहुणे येतात, चिमट्याने दोन गोळ्या उचलतात, हसतात, निघून जातात. असे पाहुणे कुठे मिळतात ते मला माहीत नाही. इथे टेबल उघडं सोडलं तर वाजंत्री पहिलं गाणं संपवायच्या आत ते रिकामं होतं. दोष पोरांचा नाही. समोर ढीग, राखणीला कोणी नाही, म्हणजे घ्या असाच त्याचा अर्थ होतो.

नवरदेवाच्या मित्राला उभं करू नका, तो नाचायला जाईल. शाळेच्या गुरुजींना नको, ते रांग लावतील, रांगेत प्रार्थना घेतील. उभं करायचं ते अंगणवाडीच्या ताईंना. पाड्यातलं प्रत्येक पोर त्यांना नावानिशी, वजनानिशी माहीत असतं. अमृत आहार योजनेची अंडी आणि केळी वाटून त्यांचा हात बसलेला असतो. कोणी घेतलं, कोण तोंड पुसून पुन्हा आलंय, कोणाची बहीण लाजून मागे उभी आहे, हे त्यांना न विचारता कळतं. मात्र त्यांना ‘जरा उभ्या राहाल का’ असं आयत्या वेळी म्हणू नका. सरकारही त्यांना असंच म्हणत असतं. आधी घरी जाऊन सांगा, ‘ताई, टेबल तुमच्याकडे’, आणि त्यांच्यासाठी खुर्ची, पाणी आणि पहिल्या पंगतीतलं ताट राखून ठेवा.

ताई मिळाल्या नाहीत तर मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे सोंगांच्या जत्रेत, गोडीशेव विकायला बसणारा एखादा मिठाईवाला गाठा. रात्रभर सोंगं येत असताना, पेट्रोमॅक्सपासून एलईडीपर्यंत सगळ्या उजेडात, त्याने आपला शेवेचा ढीग सांभाळलेला असतो. ढिगापासून हातभर मागे बसायचं, तराजू पुढे ठेवायचा आणि नजर मालावर नव्हे, हातांवर ठेवायची, हे तो तुम्हाला दोन वाक्यांत शिकवेल.

वेळ. अक्षता पडायच्या आधी टेबल उघडू नका. मुठीत अक्षता आणि गोळ्या एकत्र असल्या की नवरानवरीच्या डोक्यावर काय पडेल याची हमी नाही. पहिली पंगत उठल्यावर उघडा. त्याआधी उघडलंत तर पोरं जेवणार नाहीत, आज्या चिडतील, आणि आज्यांचा राग टेबलावर न निघता थेट तुमच्यावर निघेल. हळदीच्या रात्री तर अजिबात नको. त्या रात्री पोरं झोपत नाहीत, त्यात साखरेची भर कशाला?

आणि चिमटे. आणलेच असतील तर स्वयंपाकघरात द्या, पापड भाजायला होतील. वाटायचं ते हाताने, ओंजळीत.

शहरातल्या अशा मार्गदर्शनात शेवटी उरलेल्या मालाचं काय करायचं हे लिहिलेलं असतं. इथे तो भाग लागत नाही. कागदं मात्र उरतात, ती वाऱ्याने ओहोळात जायच्या आत पोरांकडूनच गोळा करून घ्या. दहा कागदांना एक गोळी हा दर चालतो, त्यासाठी एक पाकीट आधीच लपवून ठेवा. बरण्या धुऊन, उन्हात वाळवून, झाकणासकट दुसऱ्या दिवशी दुकानात पोचवा. पुढच्या आठवड्यात देवबांधच्या बाजूला दुसरं लग्न आहे आणि त्यांनीही तोच व्हिडिओ पाहिला आहे.