धोनी यंदाही हाय म्हणं

"गुरुजी, धोनी यंदाही हाय म्हणं."

ताडपत्रीवर वाळत घातलेल्या हळदीत दाताळं फिरवता फिरवता काकूंनी कुंपणापलीकडून बातमी टाकली. वसमतला फाल्गुनात दोनच विषय असतात. हळदीला भाव काय लागला आणि आयपीएल कधी सुरू होतंय. पहिला काढला की काकूंचं डोकं उठतं, म्हणून दुसरा.

"आहे की. वय ४४."

"४४? आमचे हे त्या वयात खताचं पोतं उचलायला गेले, ते अजून कमरेला पट्टा बांधून फिरायलेत. पैसे किती द्यायलेत त्याला?"

"४ कोटी."

"एवढेच? ऋतुराजला तर १८ हाईत."

"तीच तर गंमत आहे, काकू. २०२४ मध्ये जुना नियम परत काढला. पाच वर्षं भारताकडून खेळला नसेल, तर तो खेळाडू 'अनकॅप्ड', म्हणजे देशाची टोपी न मिळालेला. धोनीचा भारताकडून शेवटचा सामना २०१९ चा. बसला नियमात."

"२००७ ला अन् २०११ ला वर्ल्ड कप आणणाऱ्याला टोपी नाही?"

"कागदावर नाही."

"कागदाचं काय घेऊन बसलाव! कागदावर मी पण चाळिशीची हाय."

मी मागच्या वर्षीचा हिशोब काढला. २८ मार्च २०२५, चेन्नईचं चेपॉक मैदान, समोर बंगळुरू. चेन्नई हरायला आलेली आणि धोनी उतरला नवव्या नंबरवर, अश्विनच्याही मागून. १६ चेंडूंत नाबाद ३० केल्या, लोक खूश होऊन घरी गेले. सामना ५० धावांनी गेला ते वेगळं. मग कोच फ्लेमिंगनं सांगून टाकलं की गुडघे पहिल्यासारखे राहिले नाहीत, दहा षटकं पळून खेळणं त्याला जमायचं नाही. पुढे कप्तान ऋतुराजचं कोपर दुखावलं, कप्तानी पुन्हा धोनीकडे आली आणि चेन्नई दहात दहावी.

"मग ठेवलाय कामून?"

"लोक त्यालाच बघायला येतात म्हणून. तुम्ही जडेजाचं बघितलं नाही का? तो चेन्नईत असताना बाद झाला की चेपॉक टाळ्या पिटायचं. आपलाच गडी बाद, आणि आनंद कशाचा, तर आता धोनी येणार. जडेजा २०२३ ला हसत म्हणालाही होता, मी वरच्या नंबरवर गेलो तर लोक माझी विकेट पडायची वाट बघत बसतील."

"हसत म्हणला, पण लागलं असंल की हो मनाला."

"आणि त्याच वर्षीची फायनल आठवा. दोन चेंडूंत दहा हवे होते. जडेजानं सहा मारला, चार मारला, कप आणला. धोनी त्या सामन्यात पहिल्याच चेंडूवर शून्यावर गेलेला."

"पण फोटो कोणता गाजला? धोनीनं जडेजाला उचललेला. आमच्या नातवाच्या मोबाईलवर वर्षभर तोच होता." काकूंनी दाताळं टेकवलं. "अन् आता जडेजाच राजस्थानला."

"नोव्हेंबरात दिला. बदल्यात संजू सॅमसन आणला."

"म्हणजे जिंकून देणारा गेला अन् गर्दी आणणारा राहिला."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर लीगची पायाभरणीच तशी आहे. २००८ ला पहिला लिलाव व्हायच्या आधीच सचिन, द्रविड, गांगुली, सेहवाग, युवराज यांना 'आयकॉन' म्हणून बाजूला काढलं, आणि संघातल्या सगळ्यात महागड्या गड्यापेक्षा १५ टक्के जास्त पैसे त्यांना ठरवून दिले. चेहरा आधी, खेळ मागून. पण पहिला कप नेला तो राजस्थानच्या शेन वॉर्ननं, वयाच्या ३८ व्या वर्षी, आणि कप्तान आणि कोच दोन्ही तोच. तेव्हा नुसतं वयाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपला प्रवीण तांबे घ्या. उभी हयात मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये गेली, २०१३ ला ४१ व्या वर्षी आयपीएलमध्ये उतरला आणि पुढच्या वर्षी कोलकात्याविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली. त्याच्या नावावर एक तिकीट खपलं नसतं. चेंडू वळत होता म्हणून घेतला.

"गुरुजी, एक सांगू का? हळदीचे जेठे गड्डे आपण बेण्याला काढून ठेवतो. पण ठेवतो कशाला? लावायला. कोपऱ्यात तसेच राहू दिले तर पुढच्या साली शेतात उगवंल काय?"

"तेच आता चेन्नईला कळलंय. विरारचा आयुष म्हात्रे, तेव्हा वय १७, ऋतुराज जखमी झाला म्हणून घेतला. बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ मारल्या पोरानं. मग डिसेंबरच्या लिलावात प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा, विशीच्या आसपासची पोरं, प्रत्येकी १४ कोटी २० लाखांना."

"अन् आपल्या तुळजापूरचा तो हंगरगेकर?"

"दीड कोटीला घेतला होता. २०२३ च्या पहिल्याच सामन्यात तीन विकेटा. त्या वर्षी दोनच सामने खेळवला, मग सोडला. त्याचं खापर काही धोनीवर फोडता येत नाही."

"कोणावरच फोडता येत नाही, तेच तर." काकू कुंपणाजवळ आल्या, आवाज खाली आणला. "आमच्या नातवाचं ऐकलं का? आपल्या इथल्या टेनिस बॉल लीगमध्ये लिलाव झाला. त्याच्या टीमचा आयकॉन कोण, तर पंधरा वर्षांमागं लांब सिक्स मारायचा तो गडी. आता पोट पुढं अन् बॅट मागं. कप देणाऱ्यानं सांगितलं, फ्लेक्सवर त्याचाच फोटो पाहिजे. आमचं पोरगं पाण्याच्या बाटल्या वाहायलंय."

"मग?"

"मग काय, गेले मी आयोजकाकडं. म्हणलं, टी-शर्टाचे पैसे मी देते, पोराला ओपनिंगला पाठवा."

"काय म्हणाला?"

"म्हणला, काकू, तुमचा फोटो टाकू की फ्लेक्सवर, मोठा टाकू. पण ओपनिंगला आयकॉनच जाईल."