तव्यांची भाऊबंदकी

देवळाली कॅम्पात अचूकतेचे दोन संप्रदाय शेजारी शेजारी नांदतात. एक गणवेशातला. तोफखान्याच्या शाळेत कोन मोजायला शाळकरी अंश पुरत नाहीत. पाश्चात्त्य धाटणीच्या तोफांसाठी अख्ख्या वर्तुळाचे ६४०० भाग करतात, म्हणजे आपल्या कंपासपेटीतल्या एका अंशाचे जवळजवळ अठरा तुकडे. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा लष्करात दाखल झाल्या त्या इथेच. दुसरा संप्रदाय दारणेच्या काठाने शेवगे दारणा, लहवित, भगूरच्या शिवारांत पसरलेला आहे. त्याच्याही हाती कोन बदलण्याचं यंत्र आहे. फक्त तिथे ६४०० भागांऐवजी लोखंडी पट्टीला पाडलेली चार-पाच भोकं आहेत. एका भोकातला खिळा काढायचा, दुसऱ्यात घालायचा. तो जात नसेल तर ठोकायला बांधावरचा कुठलाही दगड चालतो. सरावाच्या दिवशी डोंगराकडून धडाम् असा आवाज येतो, इकडून दगडाचा ठक् असा, आणि मधल्या बाभळीवरचा कावळा दोन्हीकडे सारखंच दुर्लक्ष करतो.

हे यंत्र म्हणजे ट्रॅक्टरमागचा तव्यांचा हॅरो. मका काढून झाला, नांगरट झाली, की ढेकळं फोडायला आणि धसकटं कापून मातीत मिसळायला तो शेतात उतरतो. हल्ली रोटाव्हेटरची चलती आहे. तो माती मैद्यासारखी करून देतो आणि पाहणाऱ्याला लगेच खूश करतो. हॅरोचं तसं नाही. त्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. खोलगट पोलादी तव्यांच्या दोन रांगा असतात, एकीमागे एक, दोन्ही तिरक्या, पण तिरकेपणा एकमेकींच्या उलट. पुढची रांग माती उचलून उजवीकडे फेकते. लगेच मागची रांग येते आणि तीच माती डावीकडे आणून टाकते. प्रथमच पाहणाऱ्याला वाटावं, मग दोघी घरीच थांबल्या असत्या तर काय बिघडलं असतं? माती होती तिथेच राहिली असती आणि डिझेलही वाचलं असतं. पण या जाण्या-येण्यातच ढेकूळ फुटतं, मुळ्या उघड्या पडतात, वारा आत शिरतो. शेतकरी सगळ्या खटाटोपाचे पैसे मोजतो ते माती शेवटी जागच्या जागी यावी म्हणून.

आणि ती जागच्या जागी येणं, हेच सगळ्यात अवघड. पुढच्या रांगेच्या वाट्याला टणक, अनघड जमीन येते. मागचीला मात्र फोडलेली, मऊ झालेली माती आयती मिळते. थोरल्याने कष्ट उपसून विहीर खणावी आणि धाकट्याने मोटर बसवून पाट वाहता करावा, तशी ही वाटणी. साहजिकच धाकटं फुशारतं, खोल जातं, आपल्या वाट्यापेक्षा जास्त माती ओढतं, आणि ट्रॅक्टर गेला की मागे एका कडेला वरंबा आणि दुसऱ्या कडेला चर राहतो. वरून पाहिलं तर शेत छान काळंभोर दिसतं. खरं काय ते गव्हाला पहिलं पाणी दिलं की कळतं: चरात पाणी तुंबतं, वरंब्यावरचं बी कोरडंच राहतं, आणि महिन्याभराने एकाच वाफ्यात गुडघ्याएवढा गहू आणि घोट्याएवढा गहू एकमेकांकडे तोंड करून उभे असतात.

या दोन रांगांत समेट घडवण्याचं काम आमच्याकडे येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचं. माणूस अबोल. शेतात शिरण्याआधी रस्त्याच्या सपाट जागी तो हॅरो टेकवतो, मागच्या दोन्ही चाकांची हवा सारखी आहे का पाहतो आणि उजव्या हाताच्या लिंकवरचं हँडल फिरवून चौकट आडवी पातळीत आणतो. मातीची मूठ आवळून पायाजवळ टाकतो. गोळा विस्कटला तर वापसा आहे. तसाच चिकटून बसला तर स्वारी परत, कारण ओल्या काळ्या मातीत तव्यांच्या मधल्या जागा बुजतात आणि हॅरोचा नुसता रूळ होतो. मग पंचवीस-तीस पावलं औत चालवून तो थांबतो, उतरतो आणि मागे चालत येतो. बोटं मातीत खुपसतो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. "मागचा जास्त खातोय, भाऊ. टॉपलिंक दोन आटे आवळतो." हॅरोला वरच्या बाजूने ट्रॅक्टरशी जोडणारी ही दांडी आखूड झाली की हॅरोचं नाक खाली जातं, पुढचे तवे खोल बसतात, मागचे जरा उचलतात. ती लांबवली की उलटं होतं. सगळाच हॅरो वरवर चालत असेल तर रांगांचा तिरकेपणा एका भोकाने वाढवायचा. तरीही कडेला माती उडत असेल तर दोष लोखंडाचा नसतो, घाईचा असतो. वेग वाढला की तवे माती जरुरीपेक्षा लांब भिरकावतात. मग पुन्हा पंचवीस पावलं, पुन्हा उतरणं, पुन्हा बोटं.

मला हे पाहताना डोंगरापलीकडची मंडळी आठवतात. ६४०० भाग हाताशी असूनही पहिला गोळा कुठे पडला ते पाहायला त्यांचा एक माणूस दुर्बीण घेऊन लांब बसलेला असतोच, आणि तो कळवतो, एवढं उजवीकडे घ्या, एवढं अलीकडे. दोन्ही संप्रदायांची श्रद्धा एकच निघाली.

ही टॉपलिंक ज्याच्या डोक्यातून आली तो हॅरी फर्ग्युसन आयर्लंडचा. औत नुसतं साखळीने ओढण्याऐवजी तीन ठिकाणी ट्रॅक्टरला जोडायचं, या कल्पनेचं पेटंट त्याने १९२६ मध्ये घेतलं. १९३८ मध्ये त्याने हेन्री फोर्डशी नुसतं हस्तांदोलन करून भागीदारी ठरवली, कागद नाही की साक्षीदार नाही. पुढे फोर्डच्या नातवाच्या काळात ती मोडली, कोर्टकचेरी झाली आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलर्सवर तडजोड झाली. उजवीकडे-डावीकडे माती फेकण्याची खोड बहुधा या लोखंडाच्या रक्तातच असावी.

आमच्या आजोबांच्या वखराला टॉपलिंक नव्हती. तिथे मी होतो. जमीन टणक लागली की ते बैल थांबवून मला वखरावर बसवायचे; माझ्या वजनाने पास खोल जायची. नरम पट्टा आला की म्हणायचे, "उतर रे बाळा, आता नको." कधी अर्धवटच हवं असे, तेव्हा मी एक पाय जमिनीवर ठेवून लोंबकळत जायचो. घराण्यातला पहिला हायड्रॉलिक मीच. शेताच्या टोकाला औत वळवलं की आजोबा पाठमोरे उभे राहून केलेल्या पट्ट्याकडे बराच वेळ पाहत. तेव्हा मला वाटायचं, दमले असतील. एरवी घरात कुणाच्याही कामाकडे इतक्या मायेने पाहताना मी त्यांना पाहिलं नाही, आजीच्या स्वयंपाकाकडेही नाही, आणि ती ते बोलूनही दाखवायची.

आता ट्रॅक्टर तासावर येतो. बांधावर उभा असलेला मालक मोबाइलमध्ये घड्याळ बघत असतो आणि ड्रायव्हर खाली उतरला की त्याच्या कपाळावर आठी चढते. म्हणून एक विनंती. तुमच्याकडे हॅरो आला आणि पहिल्या पट्ट्यानंतर तो माणूस उतरून मातीत बोटं घालू लागला, तर त्याला हाका मारू नका. आणि हिशोब करताना तो वेळ कापू नका.