खर्जाची भूक

सिडकोतल्या दहा बाय बाराच्या हॉलात आमचे शेजारी सध्या खिन्न असतात. नव्या स्पीकरला म्हणे खर्जच नाही. माणसाला २० हर्ट्‌झपासून ऐकू येतं आणि हे डबडं ५०च्या खाली उतरत नाही! वरचे २०,००० हर्ट्‌झ साठीतल्या कानांना कधीच सोडून गेले, त्याची मात्र तक्रार नाही. स्पीकर कोपऱ्यात सरकवला तर खर्ज फुकटात वाढतो. पण तिथे वहिनींचं गव्हाचं पिंप आहे, ते हलायचं नाही. म्हणून सबवूफर, हप्त्यांवर. गणपतीत नाशिक ढोल गल्लीत शिरून खिडक्यांच्या काचा थरथरल्या, की हेच गृहस्थ निवासी भागातली दिवसाची ५५ डेसिबलची मर्यादा घडाघडा म्हणून दाखवतात. आम्हीही ती पाठ करायला घेतली आहे.