भिंतीवरच्या प्लेटची पारख: नवशिक्यांसाठी

इंग्लंडात रविवारी सकाळी लोक मैदानात गाड्या लावतात, डिकी उघडतात आणि घरातली अडगळ विकायला मांडतात. त्याला कार बूट सेल म्हणतात. तिथे बिनझाकणाच्या किटलीशेजारी एक शोभेची प्लेट हमखास असते: जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’, म्हणजे गवताची गाडी. १८२१ चं हे मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत फुकट बघायला मिळतं. तरी तुम्हाला प्लेटच हवी. असू दे, होतं असं एखाद्याचं.

१. आधी प्लेट उलटी करा. पुढून बघतो तो गिऱ्हाईक, मागून बघतो तो जाणकार. मागे ‘मर्यादित आवृत्ती’ लिहिलेलं असेल. पुष्कळदा ही मर्यादा प्लेटांच्या संख्येवर नसते, भट्टीच्या दिवसांवर असते. तेवढ्या दिवसांत भट्टीतून निघतील तितक्या प्लेटा. मोजक्याच माणसांत लग्न म्हणायचं आणि तीन पंगती उठवायच्या, त्यातलाच प्रकार.

२. माठ घेताना वाजवता तशी वाजवा. चीर असेल तर बद्द, नसेल तर टण्ण. दोन्ही वेळा मान सारखीच हलवा.

३. भिंग लावा. ठिपके दिसतील. दिसणारच, चित्र छापील आहे. तरीही ‘हं’ म्हणा.

४. आता खरी विद्या. मूळ चित्र आडवं, सुमारे १८५ सेंटिमीटर रुंद आणि १३० उंच. ते गोलात बसवायचं तर कुणाला तरी घराबाहेर काढावं लागतं. उजव्या कडेला होडीपाशी एक मासे धरणारा आहे, पहिला बळी त्याचा. मग डावीकडचं विली लॉटचं घर अर्धं होतं. काठावरचा कुत्रा शाबूत असेल तर भाव दुप्पट धरा. कशाच्या दुप्पट, ते विचारू नका. आणि नावात गवत असलं तरी गाडीत गवत शोधू नका. गाडी नदीतून रिकामीच चालली आहे, मूळ चित्रातसुद्धा. ‘माल कमी आहे’ म्हणून मी एकदा पन्नास पेन्स कमी मागून पाहिले. विकणाऱ्या आजीबाईंनी प्लेट माझ्या हातातून काढून घेतली.

५. खोका आणि प्रमाणपत्र मागा. प्रमाणपत्र असतं प्लेट खरी असल्याचं. प्लेट खोटी कशी असेल, हा विचार घरी जाऊन करा.

६. घासाघीस करताना इतिहास काढा: १८९५ साली कोपनहेगनच्या बिंग अँड ग्रोंदाल कारखान्याने नाताळची प्लेट काढली आणि नंतर साचाच मोडून टाकला. समोरचा शांतपणे ऐकेल आणि म्हणेल, ‘दोन पौंड.’ एक द्या. इंटरनेटवर हीच प्लेट चाळीसला दिसेल. दिसतच राहील.

७. सोनेरी काठाची प्लेट मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, ठिणग्या उडतात. भिंतीवर टांगा, आणि घरच्यांना किंमत नीट समजावून सांगा.

मी सांगितली नव्हती. साताऱ्याहून आई आली, पाहुणे आले, ताटल्या कमी पडल्या. तिने खिळ्यावरून प्लेट काढली, धुतली आणि वर कांदाभजी रचली. भजी संपत आली तसा आधी कुत्रा दिसला, मग घोडे, मग गाडी. ‘अगंबाई,’ आई म्हणाली, ‘रिकामीच आहे की!’ आणि उरलेली दोन भजी तिने त्या गाडीवर सरकवली.