मागे किती दाते?

चारचौघांत सायकल उभी करायची वेळ आली की मी तिची उजवी बाजू भिंतीकडे करतो. चेन आणि गिअर उजवीकडे असतात, आणि माझ्या मागच्या चाकावरचं सर्वांत मोठं चक्र ३४ दात्यांचं आहे. यात लपवण्यासारखं काय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही सुखी आहात, तसेच राहा. आमच्यात मात्र सिंहगडाच्या वाटेवर चहाला थांबलेला पंचविशीतला पोरगा आधी तुमच्या मागच्या चाकाकडे बघतो, मग पोटाकडे, आणि मग अत्यंत प्रेमानं विचारतो, "काका, मागे चौतीस का?" त्या 'का'मध्ये गुडघे, वय, ईसीजी, सगळं येतं.

हिशेब साधा आहे. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागायचं. पुढे ५०, मागे ११ असतील तर पायडलच्या एका फेरीत चाक साडेचार वेळा फिरतं आणि सायकल साडेनऊ मीटर जाते. पुढे ३४, मागेही ३४ असतील तर चाकाची एकच फेरी, जेमतेम दोन मीटर. कात्रजच्या जुन्या घाटात मी याच गिअरवर असतो, आणि सकाळी फिरायला निघालेले एखादे आजोबा बराच वेळ माझ्या सोबतीला असतात.

माझ्या कपाटात मात्र ५३ दात्यांची चकती आहे. सायकलवर आता ५० ची आहे, पण ५३ ची मी विकत नाही आणि कुणाला देतही नाही. कारण तिच्यावर माझं एक गणित बसलेलं आहे. पुढे ५३, मागे ११, मिनिटाला ९० फेऱ्या. तासाला होतात ५४.६ किलोमीटर. २०१५ मध्ये ब्रॅडली विगिन्सनं तासाचा विश्वविक्रम केला तो ५४.५२६ किलोमीटरचा. म्हणजे कागदावर मी विगिन्सच्या पुढे आहे. आता हवा नावाची वस्तू कागदावर नसते. वेग दुप्पट केला तर हवेला ढकलायला ताकद आठपट लागते, आणि ती ताकद दात्यांतून येत नाही, वरणभातातून येते. पण वरणभाताचा दोष चकतीला का द्यायचा?

इथे आँरी देग्रांजबद्दल बोललं पाहिजे. नाही बोललं तरी चालेल, पण मी बोलणार. तासाचा पहिला अधिकृत विक्रम या गृहस्थाचा, १८९३ सालचा, ३५.३२५ किलोमीटर. पुढे १९०३ मध्ये यानंच टूर द फ्रान्स सुरू केली. आणि गिअर बदलण्याच्या यंत्राचा त्याला मनस्वी तिटकारा. सेंत-एतियेनला वेलोसियो या टोपणनावानं लिहिणारा पॉल द व्हिवी घसा फोडून गिअरचे गुण सांगत होता. देग्रांजचं मत, स्नायूंनी जिंकावं, यंत्रानं नव्हे. मग शर्यतीत करायचं काय? मागच्या चाकाला एका बाजूला सपाटीचं लहान चक्र, दुसऱ्या बाजूला चढाचं मोठं. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, नट सोडायचे, चाक काढून उलटं बसवायचं, नट आवळायचे, आणि चढायला लागायचं. माथ्यावर पुन्हा तेच. टूरमध्ये तुर्मालेची खिंड आली १९१० साली. दोन हजार मीटरच्या वर, कच्चा रस्ता, आणि हातात पाना! इटालियन सायकलपटू तुल्लिओ काम्पान्योलोची शर्यतीतली कथा तर प्रसिद्धच आहे. नोव्हेंबर १९२७, इटलीतली क्रोचे दाउने खिंड, बर्फ, बोटं गारठलेली, चाकाचा नट काही सुटेना. त्या चिडचिडीतून एका खटक्यात चाक सोडवणारा दांडा जन्माला आला, असं सांगतात. तेव्हा काम्पान्योलो हरला म्हणून आज आपण पंक्चर लवकर काढतो. देग्रांज मात्र हलला नाही. १९३६ मध्ये आजारपणामुळे टूरची सूत्रं जाक गोदेकडे गेली, आणि १९३७ मध्ये गिअर आले. चौतीस वर्षं! माझ्या मागच्या चक्राइतकी.

पण या हट्टी माणसाचं एक मत मला फार आवडतं. गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी ठीक आहेत, असं त्यानं १९०२ मध्येच लिहून ठेवलं होतं. मी पंचेचाळिशी केव्हाच ओलांडली. म्हणजे गिअरचा सर्वांत कट्टर शत्रूसुद्धा मला लेखी परवानगी देऊन गेला आहे. हे मी त्या पोराला समजावून सांगायला लागलो की तो हेल्मेट घालतो आणि निघतो.

आता क्रँक, म्हणजे पायडल ज्या दांडीला असतं ती. बाजारात साधारण १६५ पासून १७५ मिलिमीटरपर्यंत मिळते. माझी उंची पाच फूट पाच इंच आणि क्रँक १७५, कारण १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एडी मर्क्सनं तासाला ४९.४३१ किलोमीटर काढले तेव्हा त्याची १७५ होती. मर्क्स सहा फुटी. आमच्यात एवढं एकच साम्य आहे, ते मी सुखासुखी सोडायचा नाही. मी लोकांना तरफेचा नियमही सांगत असे: दांडी लांब तर जोर जास्त. पण पाऊलही तेवढंच मोठं वर्तुळ फिरतं, त्यामुळे एका हातानं मिळालेलं दुसऱ्या हातानं जातं. जिम मार्टिन या अमेरिकी संशोधकानं २००१ मध्ये १२० पासून २२० मिलिमीटरपर्यंतच्या क्रँकवर सायकलपटूंना जीव तोडून पायडल मारायला लावलं. जास्तीत जास्त ताकदीत फरक पडला चारेक टक्क्यांचा. आता तर टूर द फ्रान्सचा विजेता पोगाचारही १६५ वर जिंकतो. त्यामुळे चहाला थांबलेला तो पोरगा माझ्या क्रँककडेही बघायला लागला आहे.

माझं सोडा, माझी हौस आहे. बायकोची नव्हती. ती पाच फुटांची. दुकानातली सर्वांत लहान सायकल तिच्यासाठी घेतली, तिला क्रँक होती १७०. प्रत्येक फेरीत तिचा गुडघा छातीकडे येई, कंबर खोगिरावर डावी-उजवीकडे झुले, आणि घरी आल्यावर गरम पाण्याची पिशवी निघे. दुकानदार म्हणाला, "सवय होईल, मॅडम." मीही तेच म्हणालो, वर मिनिटाला नव्वद फेऱ्यांचं व्याख्यान दिलं. शेवटी ती म्हणाली, "अहो, मला विक्रम नाही करायचा. मला मंडईत जाऊन भाजी आणायचीय."

मग मी गणित मांडलं, आणि या वेळी त्यात विगिन्स नव्हता. पाच फूट आणि सहा फूट यांत फरक वीस टक्क्यांचा. १६५ आणि १७५ मध्ये सहाचा. फ्रेम लहान-मोठी करतात, हँडल अरुंद-रुंद करतात, खोगीर तर पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं, आणि ज्या भागावर गुडघे तासात पाच हजार वेळा वाकतात तो मात्र जवळजवळ एकाच मापाचा. आपल्याकडे बायकांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. त्यांचे गुडघे दुखले की "वय झालं", "व्यायामाची सवय नाही", हे ऐकवायला सगळे तयार. दांडी मोजायला कुणी वाकत नाही. याचा मला खरोखर संताप येतो, आणि त्यात माझं व्याख्यानही धरलेलं आहे.

१५५ ची क्रँक मागवावी लागली. खोगीर दीड सेंटिमीटर वर घेतलं. आता मंडईतून येताना पिशवी हँडलला असते आणि कंबर जागच्या जागी. मागे किती दाते आहेत हे तिला आजही ठाऊक नाही.

तुम्ही घरातल्या कमी उंचीच्या कुणासाठी सायकल घ्यायला जाल तेव्हा एवढं करा: खाली बसा आणि क्रँकच्या आतल्या बाजूला, पायडलजवळ कोरलेला आकडा वाचा. पाच फुटांच्या माणसाला १७० असेल तर लहान क्रँक बसवून मागा. दुकानदार "सवय होईल" म्हणाला तर दुसरं दुकान बघा.