ड्यूक, वॉल्ट्झ आणि मोतद्दार

तिशी उलटूनही ड्यूक अविवाहित, बत्तिशी शाबूत आणि कर्ज नाही, हे मी मुकाट्यानं मान्य केलं. हलक्याफुलक्या प्रेमकथेत एवढं चालवून घ्यावं लागतं. पण 1811 च्या लंडनमध्ये, ऑलमॅक्सच्या नाचघरात, तो नायिकेच्या कमरेभोवती हात टाकून वॉल्ट्झ नाचू लागला आणि मी कानावरची पेन्सिल उतरवली. तिथं वॉल्ट्झला मुभा मिळायला अजून दोन-तीन वर्षं होती! पुढच्याच पानावर ड्यूक ऑफ वेलिंग्टन सरबत पिताना दिसला. अहो लेखिकाबाई, 1811 मध्ये तो पोर्तुगालच्या सरहद्दीवर फ्रेंचांशी झुंजत होता, आणि ड्यूक व्हायला त्याला 1814 उजाडलं. समासात असं उद्गारचिन्ह ठोकलं की मला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या शेजारी बसल्यासारखं वाटतं.

"ती पोरगी त्याला हो म्हणते का नाही, तेवढं सांगा," हिनं विचारलं. संशोधनाची कदर म्हणून नाही या घरात.

वेलिंग्टनच्या बाबतीत मी जरा हळवा आहे, कारण तो आमच्या नगरला येऊन गेलाय. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. 8 ऑगस्ट 1803 ला त्यानं शिड्या लावून पेठ घेतली आणि 12 तारखेला शिंद्यांचा भुईकोट किल्ला. किल्ल्याजवळच्या चिंचेखाली तो जेवला, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. (सलाबतखानाची कबरही आम्ही चांदबीबीचा महाल म्हणून दाखवतो, तेव्हा चिंचेबद्दल फार खोलात जाऊ नये.) त्याच्या छावणीतल्या मराठा सरदार गोखल्यांनी तेव्हा पत्रात लिहिलं की हे इंग्रज लोक सकाळी आले, पेठेचा तट पाहिला, चढले, आतली शिबंदी कापली आणि न्याहारीला परतले. मी हे फार रंगवून सांगतो. 'न्याहारी'ला हमखास हशा येतो.

पण त्या न्याहारीआधी तटावर पडलेल्यांपैकी एकाचंही नाव मला सांगता येत नाही. लंडनचा छानछोकी ब्रमेल गळपट्ट्याला किती स्टार्च लावायचा, यावर मात्र मी तासभर बोलेन. कादंबरीतही ड्यूकचा धाकटा भाऊ 'हिंदुस्थानातून' रंग रापवून आणि पैसा घेऊन येतो. कुठल्या गावचा पैसा, कुणाचा, हे लेखिका सांगत नाही, नायिका विचारत नाही. यात सनावळीची चूक नाही, त्यामुळे पेन्सिल चालत नाही. नुसतं तडफडायचं.

बरं, त्याच काळातला अस्सल नायक आमच्या जिल्ह्यात पडलाय. संगमनेर तालुक्यातल्या निमगाव जाळीचे त्रिंबकजी डेंगळे. साधा जासूद म्हणून सुरुवात केली आणि दुसऱ्या बाजीरावाचा उजवा हात झाले. 1815 च्या जुलैत पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, आळ त्रिंबकजींवर आला आणि इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या हट्टापायी बाजीरावाला त्यांना इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. ठेवले ठाण्याच्या किल्ल्यात. देशी शिपाई फितूर होतील म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा. आता गंमत बघा. तिथल्या एका साहेबाचा मराठी मोतद्दार रोज खिडकीखाली घोड्याला खरारा करी आणि गाणी म्हणे. गाण्यात पळण्याचा सगळा बेत! गोरे ऐकतायत, बहुधा तालही धरतायत, पण मराठीचं एक अक्षर कळत असेल तर शपथ. अखेर 1816 च्या सप्टेंबरात, पावसाच्या रात्री, भिंतीला भगदाड पाडून त्रिंबकजी पसार झाले ते थेट आमच्या संगमनेर-नाशिकच्या डोंगरांत. बिशप हेबरनं पुढं ही हकीकत त्या गाण्यासकट नोंदवून ठेवली. एखाद्या लेखिकेनं हीच घटना रचली असती तर मी समासात 'अविश्वसनीय' लिहून दोनदा अधोरेखित केलं असतं.

तेव्हा ही कादंबरी आता मीच लिहिणार, असं मी जाहीर केलं. सनावळीत एक चूक सापडणार नाही.

"खुनाचा आळ असलेला हिरो? आणि शेवट?"

1818 मध्ये पुन्हा धरले गेले आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेत राहिले, हे मला सांगावं लागलं.

"मग त्या मोतद्दारालाच हिरो करा की," ही म्हणाली. "घोडा सांभाळतो, गातो, आणि पोटात गोष्ट ठेवतो. तुमच्या ड्यूकला यातलं काय येतं?"