रा. रा. अर्थिंगचा बोल्ट यांस

मु. पो. डाव्या हेडलाइटमागचा पत्रा,
प्रीमियर पद्मिनी, मुंबई

सा. न. वि. वि.

आधी आपले अभिनंदन. एक बोल्ट, वीतभर काळी वायर आणि तिच्या टोकाची थिंबल, एवढ्या भांडवलावर आपण अख्खी गाडी वेठीला धरलीत आणि अंगाला काही लागू दिले नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशांची रांग लागली. बल्ब बदलला. होल्डर बदलला. अप्पर-डिप्परचा स्विच बदलला. बॅटरीवरही ‘उतरलीय साहेब’ असा ठपका आला. आपण मात्र हिरवट-पांढरी भुकटी अंगाला फासून जागच्या जागी समाधिस्थ!

आपल्या लीला काय वर्णाव्यात? डावा इंडिकेटर दिला की डावा हेडलाइट त्याच्या तालावर मिचमिचणार. डिप्पर लावला की डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा उगाचच मंद पेटणार. गाडीला बाहेरची बाधा झाली की काय, असे घरच्यांना वाटू लागले होते. बाधा कसली? कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या नकाशावरून ही गाडी बनली, तेव्हा परतीच्या करंटची वाट पत्र्यातून ठेवली होती. बल्बमधून निघालेला करंट आपल्यामार्फत पत्र्यात आणि पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला. आपण दार लावून घेतलेत. मग तो बिचारा त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरला, तिथून अप्परच्या वायरीने उजव्या दिव्याकडे निघाला आणि जाता जाता निळा दिवाही पेटवून गेला. ही सगळी वणवण आपल्या कृपेने.

पण आपली खरी करामत मीटरला फसवण्यात आहे. वायरमन आला, बल्ब काढला, होल्डरच्या पिनांना मीटर लावला आणि विजयी मुद्रेने म्हणाला, “बारा व्होल्ट बरोबर येतायत. बल्बच गेलाय.” बारा व्होल्ट येणारच! मीटर करंट घेतो तो जवळजवळ नाहीच, त्यामुळे आपल्या गंजाला अडवायला काही नसते. चोंदलेल्या पाइपाचा नळ बंद असताना दाब पूर्ण दिसतो, उघडला की करंगळीएवढी धार. बल्ब लावून दिवा चालू केला, साडेचार अँपिअर वाहू लागले, की मग आपला पाट मांडला जातो. अर्ध्या ओहमच्या गंजावर आपण दोनेक व्होल्ट आरामात गिळता. हॅलोजन बल्बचे व्होल्टेज दहा टक्के घटले तर उजेड साधारण तीस टक्के घटतो. दोन व्होल्ट गेल्यावर समोर उरते काय? वातीची चिमणी बरी.

यावर तज्ज्ञांचा उपाय ठरलेला. ६०/५५ वॅटचा बल्ब काढा, १००/९० टाका! म्हणजे आपल्या बंद दारावर दीडपटीहून जास्त गर्दी ढकलायची. जुन्या गाड्यांत सर्रास रिले नसतो, हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून जातो. मग होल्डरचे प्लास्टिक वितळते, स्विचचे पॉइंट जळतात, समोरचा ड्रायव्हर शिव्या घालतो आणि बल्ब बेकायदेशीर तो बेकायदेशीरच. आपल्याला मात्र कोणी विचारत नाही. प्लसकडून करंट येतो का, याची चौकशी सगळे करतात. तो परत जातो कुठून, हे विचारायची रीतच नाही.

एकट्या आपल्यालाच दोष देणे मात्र अन्याय होईल. मुंबईची खारट हवा आपली जुनी साथीदार. चार महिने पाऊस, समोरून चिखलाचे फवारे, आणि लोखंडाच्या पत्र्याला तांब्या-पितळेची संगत. गंजायला एवढे बास. त्यात डेंटिंग-पेंटिंगवाल्याने पत्र्यावर सुंदर रंग मारला आणि रंगावरच थिंबल कसून दिली. रंगातून करंट जात नाही, ही बाब त्याच्या खात्यात येत नसावी.

२०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा शहराने हळहळून फोटो काढले. आपल्यावर कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. ती उणीव या पत्राने भरून निघावी.

आता शिक्षा. बॅटरीचा मायनस आधी सोडला जाईल. मग पान्याने आपल्याला खोलून पॉलिश पेपरने पत्रा, थिंबल आणि आपण स्वतः, तिघांनाही चकचकीत होईस्तोवर घासले जाईल. खाली दातेरी वॉशर बसेल, आपण घट्ट कसले जाल आणि वरून पेट्रोलियम जेलीचा जाड थर. त्याउपर गंजलात तर भंगारात. आपल्या जागी नवा बोल्ट पाच-दहा रुपयांत मिळतो.

आपला,
एक गाडीमालक

ता. क. (हे वाचकांसाठी) दिवा मंद असेल तर नवा बल्ब आणण्याआधी वायरमनला एवढेच सांगा: बल्ब जागेवर ठेव, दिवा चालू कर, मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसला लाव आणि दुसरे बल्बच्या अर्थच्या पिनेला. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर बल्बचे पाकीट फोडू देऊ नका.